मामाच्या वाट्याला आलेली बाजू

माझा मामा पाव करायचा. रस्त्यावरचे लहान-मोठे सगळे त्याला 'पाववाले मामा' म्हणायचे. समोरच्या चष्म्याच्या दुकानातले गृहस्थ त्याच्यापेक्षा चांगले पंधरा-वीस वर्षांनी मोठे होते, पण तेही सकाळी फळी उघडता उघडता ओरडायचे, "काय पाववाले मामा, झाला का पहिला घाणा?" आणि मामा आतूनच उत्तर द्यायचा, "झाला हो भाचेबुवा, या!"

मी त्याची खरीखुरी भाची. शिकायला म्हणून दोन वर्षांसाठी त्यांच्याकडे राहायला आले आणि मग तिथेच विमा कंपनीत नोकरी लागली म्हणून राहूनच गेले. खाली बेकरी, वर घर. भट्टीच्या बरोब्बर वरची खोली माझी होती. थंडीत त्या खोलीची फरशी कोमट असायची आणि जाग यायची तीच भाजलेल्या मैद्याच्या वासानं. उन्हाळ्यात मात्र जीव नकोसा व्हायचा. तरीही आज कुणी मला विचारलं, की आयुष्यातली कुठली खोली परत हवी, तर मी तीच मागेन, उन्हाळ्यासकट.

मामा अंगानं आडवा, हात कोपरापर्यंत पांढरे. राग नाकावर असायचा, पण बहुतेक वेळा तो नाकावरच राहायचा, खाली जिभेपर्यंत उतरत नसे. जिभेचं काम मामीकडे होतं. मामी किडकिडीत, चष्मेवाली, गल्ल्यावर बसणारी. उधारी मागायला आलेल्या माणसाकडे ती चष्म्याच्या वरून अशी बघायची की तो बिचारा रोख देऊन वर दोन बिस्किटंही घेऊन जायचा.

लांब दांड्याच्या फावड्यानं पाव बाहेर काढला की मामाचा एक ठरलेला प्रकार असे. एक पाव उचलायचा, उलटा करायचा, डाव्या कानाशी धरायचा आणि बोटानं त्याच्या बुडावर टकटक करायची. आतून पोकळ आवाज आला म्हणजे पाव झाला. दबका आला तर सगळा घाणा परत आत. भट्टीला काटा होता, भिंतीवर घड्याळ होतं, पण मामाचा विश्वास कानावर.

एकदा थंडी सरता सरता सकाळी अख्खा घाणा करपला. वर माझ्या खोलीत धूर आला तेव्हा मी धावत खाली गेले. मामा काळेठिक्कर पाव समोर ठेवून उभा होता.

"अहो, कोळशाचं दुकान टाकायचा विचार आहे का?" मामी म्हणाली.

"आवाजच येईना," मामा म्हणाला. "मला वाटलं कच्चाच आहे, म्हणून परत आत सारला." मग त्यानं एक करपलेला पाव उजव्या कानाशी धरून वाजवला आणि त्याचा चेहरा बदलला. "इकडून येतोय."

डावा कान बसला होता. विहिरीत उडी मारल्यावर कानात पाणी राहतं तसं वाटतंय, असं तो सांगायचा. घरच्या डॉक्टरांनी सर्दी म्हटलं, थेंब दिले, वाफ घ्यायला सांगितली. वाफ घ्यायला वेगळं काय करायचं, मामा तर दिवसभर वाफेतच उभा. काही आठवडे गेले. सकाळी शिंकरताना थोडं रक्त दिसायचं, पण ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. पाव उजव्या कानाशी धरायला शिकला आणि गप्प बसला.

गाठ सापडली ती न्हाव्याला. दाढी करता करता त्यानं वस्तरा थांबवला, मामाच्या मानेवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "मामा, हे इथे काय आलंय तुम्हाला? दुखत नाही?" जबड्याच्या मागे, सुपारीएवढी, टणक. मामा अर्धी दाढी तशीच ठेवून घरी आला. मामीनं गल्ला बंद केला. ती दिवसाढवळ्या गल्ला बंद करते आहे हे मी पहिल्यांदा पाहिलं.

पुढचं भराभर झालं. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी नाकातून दिव्याची बारीक नळी घातली, आतला तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि मग आम्हाला गावाच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या इस्पितळात जायला सांगितलं.

तिथे आम्हाला डॉक्टरीणबाई भेटल्या. वयानं चाळिशीच्या, केस आखूड कापलेले, बोलताना पेनचं टोपण सारखं काढायच्या आणि लावायच्या. त्यांनी कागदावर बाजूनं दिसणारा चेहरा काढला. "हे नाक. हे आत जात जात इथे संपतं आणि घसा सुरू होतो. त्या कोपऱ्यात गाठ आहे. कानाकडे जाणारी नळी तिथेच उघडते, ती दाबली गेली म्हणून कान बसला. आणि मानेतली गाठ ही तिचीच पोर."

मामानं चित्राकडे बघितलं. "सगळीकडे पुढे पुढे करणारं हे नाक," तो म्हणाला, "आणि रोग मात्र मागच्या दारानं आला."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, पण त्यांचं टोपण थांबलं. "कॅन्सरच आहे. मी लपवत नाही. पण हा कॅन्सर किरणांचं ऐकतो. तिथे सुरी पोचवणं फार अवघड, किरण पोचतात. सात-आठ आठवडे रोज यावं लागेल."

मग त्यांनी अभ्यासाबद्दल सांगितलं. ठिकठिकाणच्या इस्पितळांत मिळून एक संशोधन चाललं होतं. काही रुग्णांना नुसते किरण द्यायचे, जसे तोपर्यंत सगळ्यांनाच देत होते. काहींना किरण आणि त्याबरोबर शिरेतून केमोथेरपी. कुणी कुठल्या बाजूला जायचं ते डॉक्टरही ठरवणार नाहीत आणि रुग्णही नाही. मुख्य कचेरीला फोन करायचा, तिथे चिठ्ठी काढल्यासारखं ठरणार.

मामीचा चष्मा नाकावर घसरला. "चिठ्ठ्या टाकून औषध देता तुम्ही? माणसाच्या जिवाचा काय सोरट मांडलाय?"

"मामी," मी तिचा हात धरला.

"थांब तू. मला विचारू दे. डॉक्टर, तुम्हाला जे चांगलं वाटतं ते द्या ना. तुम्ही एवढ्या शिकलात कशासाठी?"

"चांगलं कुठलं, तेच तर मला माहीत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "केमोनं फायदा होईल असं मला वाटतं. पण वाटणं वेगळं. ते औषध विषारी आहे. त्यानं मूत्रपिंडाला त्रास होतो, कान जातात, काही माणसं उपचार अर्धे टाकून पळतात. फायदा त्रासापेक्षा मोठा आहे की नाही, हे अजून कुणालाच ठाऊक नाही. ठाऊक असतं तर मी चिठ्ठी टाकली नसती. तुम्हाला नको असेल तर नाही म्हणा. किरण मी तरीही देईन, तितक्याच काळजीनं."

मामानं कागदावरच्या चित्रावरून बोट फिरवलं. मग मामीकडे वळून म्हणाला, "अगं, नवीन यीस्ट आलं होतं तेव्हा आपण काय केलं? अर्ध्या पिठात जुनं, अर्ध्यात नवं. एकाच भट्टीत भाजलं आणि बघितलं."

"पाव बिघडला तर गायीला घालता येतो," मामी म्हणाली, आणि तिथेच, त्या खुर्चीत, रडायला लागली. मी तिला रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

दोन दिवसांनी मामानं हो म्हटलं. का, ते त्यानं नीट कधीच सांगितलं नाही. मला वाटतं, आपल्या वाट्याला केमो येईल अशी त्याला मनातून खात्री होती. तो आयुष्यभर गिऱ्हाइकाला एक पाव जास्त टाकत आला होता. आपल्यालाही कुणीतरी तसंच वरचं काही देईल असं त्याला वाटलं असणार. फोन झाला. नुसते किरण.

"म्हणजे मला नुसतं भाजणार," तो बाहेर पडताना म्हणाला. "वर साखर नाही." विनोद केला, पण पायऱ्या उतरताना त्यानं माझा खांदा धरला होता.

*

त्या इस्पितळाच्या तळमजल्यावर किरणांच्या यंत्राची खोली होती. जाड दार, दारावर लाल दिवा, आणि बाहेर एक लांब लाकडी बाक. त्या बाकावर आम्ही जे आठवडे काढले ते माझ्या आयुष्यातले सर्वांत भीतीचे होते. तरी आज ते आठवले की डोळ्यांपुढे भीती येत नाही, बाकावरची माणसं येतात.

पहिल्या दिवशी मामाचा मुखवटा केला. प्लास्टिकचा जाळीदार पत्रा गरम पाण्यात मऊ केला, तोंडावर पसरला आणि गार होईपर्यंत दाबून धरला. किरण देताना डोकं हलू नये म्हणून त्या मुखवट्यानं माणसाला टेबलाला जखडतात. मामा बाहेर आला तेव्हा गालांवर जाळीचे चौकोन उमटले होते. "आज कळलं," तो म्हणाला, "साच्यात घातल्यावर पिठाला काय वाटतं ते."

बाकावर बसलेला एक उंच, सडपातळ माणूस खो खो हसला. त्याच्याही गालांवर चौकोन होते. "आणि मला कळलं, मापं देताना गिऱ्हाईक श्वास का रोखून धरतं!"

तो शिंपी होता. मामाचाच आजार, जवळजवळ मामाचंच वय, आणि त्याच अभ्यासात. त्याच्या वाट्याला किरण आणि केमो दोन्ही आलं होतं. मामाला हे कळलं तेव्हा त्यानं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाला, "नशीबवान आहात."

"बघू," शिंपीदादा म्हणाले.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. मामा सकाळी भट्टी लावून यायचा, शिंपीदादा दुकान बायकोवर सोपवून यायचे. दोघं बाकावर शेजारी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचा हिशेब मांडायचे. शिंपीदादा डॉक्टरांच्या कोटांवर बोलायचे: "त्या साहेबांची बाही बघा, उधार आणल्यासारखी आहे." मामा उपाहारगृहातल्या पावावर: "हा पाव नव्हे, ही वीट. घर बांधायला द्या." आतला यंत्र चालवणारा पोरगेला तंत्रज्ञ दार उघडून म्हणायचा, "मामा, हसणं आवरा, आत ऐकू येतंय," आणि मग तोही दाराशी दोन मिनिटं रेंगाळायचा.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून रंग बदलला. मामाच्या तोंडात फोड आले. लाळ आधी दोरीसारखी घट्ट झाली आणि मग आटूनच गेली. चव गेली. आधी सगळं लोखंडासारखं लागायचं, मग कशासारखंच लागेना. मानेची कातडी भाजून काळपट-लाल झाली, सदऱ्याची कॉलर टेकली तरी तो कळवळायचा.

एक दिवस शिंपीदादांनी कागदात गुंडाळलेलं काहीतरी मामाच्या मांडीवर ठेवलं. जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या मलमलीचा सदरा. कॉलर नाही, गळा खोल आणि रुंद, शिवण बाहेरच्या बाजूला, म्हणजे आतून कुठेच काही घासायला नको. मापं कधी घेतली होती देव जाणे. सदरा मामाला असा बसला की तो आरशापुढून हलेना. त्या महिन्यात शिंपीदादांनी बाकावरच्या प्रत्येक माणसाला तसा सदरा शिवला. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं की ही कुठल्यातरी वाद्यवृंदातली मंडळी आहेत.

पण केमोच्या दिवसांनंतर ते बाकावर नसायचे. आधी तासन् तास सलाइन, मग ते औषध, मग पुन्हा सलाइन. वॉर्डात ते भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे, उशाशी ओकायला तसराळं. मामा किरण घेऊन झाला की वर जाऊन त्यांच्या पलंगाशी बसायचा. घसा इतका सोललेला, की बोलणं दोघांनाही जमत नसे. एकदा मी मामाला आणायला गेले तर दोघं नुसते बसले होते, मामानं त्यांचे पाय दाबायला घेतलेले.

परतताना रस्त्यात तो खरखरत म्हणाला, "मी त्याला नशीबवान म्हटलं होतं गं."

बेकरी त्या काळात मामीनं चालवली. भट्टीवरच्या माणसांना सगळं येत होतं, पण मिठाचा आणि पाण्याचा अंदाज मामाचा असायचा. आता त्याला चवच नव्हती. मामी कणीक चाखायची, तो मागे स्टुलावर बसून हातवारे करायचा.

"मीठ कमी आहे," ती म्हणायची.

तो मान हलवायचा: नाही, बरोबर आहे.

"अहो, जीभ माझी आहे! तुम्हाला आत्ता साबण आणि साखर सारखीच!"

मग तो पिठात हात घालायचा. चव गेली तरी हात शाबूत होते. पीठ ओढून बघायचा, बोटांनी ताणून उजेडासमोर धरायचा आणि बोटांनी खूण करायचा: अजून मळा. त्या बाबतीत मामीनं त्याच्याशी वाद घातला नाही. अशी दोघांत मिळून एक बेकरी चालली, आणि गिऱ्हाइकांपैकी फक्त चष्म्याच्या दुकानातल्या म्हाताऱ्यांनी विचारलं, "पावाला मीठ चढलंय का हो जरा?" मामीनं त्यांच्याकडे चष्म्यावरून बघितलं. पुन्हा त्यांनी विचारलं नाही.

उपचार संपले तेव्हा मामा निम्मा झाला होता. पातळ पेज आणि सूप, तेही घोट घोट. काही महिन्यांनी गाठ पूर्ण गेल्याचं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. घरी आल्यावर मामानं पहिली गोष्ट केली ती ही, की गरम पावाचा एक तुकडा तोडला आणि तोंडात टाकला. आम्ही दोघी बघत होतो. तो चावत राहिला, चावत राहिला. लाळच नाही, तर पाव भिजणार कशानं? तोंडात भुसा भरल्यासारखं झालं. शेवटी त्यानं तो रुमालात काढला, रुमालाची घडी घातली आणि म्हणाला, "चला. एक धंदा असा, की मालकाला मालाची चोरी करता येणार नाही."

गोड चव वर्षभरानं थोडी परत आली. लाळ परत आली नाही. पाव तो पुढे आयुष्यभर चहात बुडवूनच खात राहिला, आणि पाण्याची बाटली खिशात असल्याशिवाय दाराबाहेर पडला नाही. डावा कानही पुरता कधी उघडला नाही.

*

त्यानंतरची दोन वर्षं मला फार जवळची आहेत.

शिंपीदादांचीही गाठ गेली होती. त्यांचं दुकान एका अरुंद गल्लीत, दारात चिंध्यांचा ढीग, आत पायानं चालवायचं यंत्र. केमोनं त्यांच्या बोटांची टोकं बधिर केली होती आणि कानांत सतत रातकिडे ओरडायचे. सुई टोचली तरी कळायची नाही. कापडावर लाल ठिपका दिसला की कळायचं. बायको सुया ओवून द्यायची, काजं-बटणं ती करायची. यंत्रावर मात्र ते अजून राजे होते.

रविवारी दुपारी बेकरी बंद झाली की मामा मला म्हणायचा, "येतेस का? एका बहिऱ्याकडे दुसरा बहिरा चाललाय, दुभाषी लागेल." आणि खरंच लागायची. मामा एका बाजूनं ऐकायचा, शिंपीदादा दोन्ही बाजूंनी अर्धवट. गप्पा ओरडून व्हायच्या. गल्लीतल्या लोकांना वाटायचं भांडण चाललंय. शिंपीदादांची बायको मऊ खिमट आणि पातळ ताक दोघांपुढे ठेवायची, "घ्या, पोरांनो," म्हणायची, आणि ते दोन प्रौढ पुरुष चमच्यानं घोट घेत एकमेकांना जुन्या जेवणांची वर्णनं सांगायचे. कुणी कधी काय खाल्लं होतं, किती कुरकुरीत होतं, चावताना आवाज कसा यायचा. मी कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसून ऐकायची. इतक्या चवीनं केलेलं बोलणं मी पुन्हा कुठे ऐकलं नाही.

माझ्या लग्नाचे कपडे शिंपीदादांनीच शिवले. मापं घेताना त्यांच्या बोटांना टेप कळत नव्हती, म्हणून आकडे ते नुसत्या नजरेनं वाचत होते. "थोडी ढिली ठेवतो," ते म्हणाले. "पाववाल्याच्या घरची मुलगी, फुगणारच."

मग त्यांची पाठ दुखायला लागली. यंत्रावर वाकून दुखत असेल म्हणून त्यांनी स्टूल बदललं. तपासण्या झाल्या तेव्हा कळलं, हाडांत पसरलंय. नाकामागे काही नव्हतं, मानेत काही नव्हतं; ते लांब जाऊन बसलं होतं.

मामा शेवटच्या आठवड्यांत रोज जायचा. मी एकदाच गेले. शिंपीदादा म्हणाले, "मला दोन्ही मिळालं होतं, पाववाले. तरी बघा."

मामानं त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली. तो म्हणाला, "तुमचं माप मोठं होतं. त्यांना कापड कमी पडलं."

शिंपीदादा हसले. हसताना त्यांना दुखत होतं हे दिसत होतं, तरी हसले. पुढच्या आठवड्यात गेले.

*

वर्षं गेली. मी संसाराला लागले, पण त्याच गावात असल्यामुळे मामाला दर तपासणीला मीच घेऊन जायची. आधी दर दोन-तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. मामी म्हणायची, "बरे आहात ना, मग कशाला जायचं?" मामाचं उत्तर ठरलेलं: "मी गेलो नाही तर त्यांचा घाणा मोजणार कोण?"

आणि एका वर्षी डॉक्टरीणबाईंनी अभ्यासात असलेल्या आणि गेलेल्यांच्या घरच्या सगळ्यांना इस्पितळाच्या सभागृहात बोलावलं. निकाल लागला होता. तो छापून येईल, डॉक्टर लोक वाचतील, पण ज्यांच्यामुळे तो कळला त्यांना आधी समोरासमोर सांगायचं असं त्यांनी ठरवलं होतं. शिंपीदादांची बायको आली होती. ती आमच्या शेजारी बसली.

भिंतीवर दोन रेघा दिसल्या. दोन्ही जिन्यासारख्या उतरत जाणाऱ्या. एक खाली, एक बरीच वर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही प्रत्येक पायरी म्हणजे आपल्यातलं गेलेलं एक माणूस." वरची रेघ किरण आणि केमो दोन्ही घेतलेल्यांची होती. फरक मोठा होता, शंकेला जागा उरू नये इतका. यापुढे आजार मानेपर्यंत पोचलेल्या रुग्णांना दोन्ही द्यायचं, असं ठरत होतं.

टाळ्या वाजल्या. मामानं वाजवल्या नाहीत. तो उठून उभा राहिला. तोंड कोरडं पडलं होतं, म्हणून आधी पाण्याचा घोट घेतला.

"डॉक्टर, म्हणजे मी चुकीच्या बाजूला होतो."

"हो."

"आणि शिंपी बरोबर बाजूला."

"हो."

"मग हे उलटं कसं झालं?"

शिंपीदादांची बायको खाली बघत होती.

डॉक्टरीणबाई व्यासपीठावरून उतरून आमच्या रांगेपाशी आल्या. "ते मला सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "शंभर माणसांचं काय होईल ते आता मी आधीपेक्षा बरं सांगू शकते. तुमचं एकट्याचं काय होणार होतं, किंवा त्यांचं, ते तेव्हाही माहीत नव्हतं आणि आजही नाही. मला फार वेळा वाटलं, त्यांना मी जे दिलं त्यानं फक्त त्रासच झाला का. पण ती वरची रेघ वर आहे त्यात त्यांचीही पायरी आहे. आणि खालची काढल्याशिवाय वरची किती वर आहे हे कळलंच नसतं. त्या खालच्या रेघेत तुम्ही आहात."

शिंपीदादांची बायको हळूच म्हणाली, "त्यांनी एकदाही म्हटलं नाही, की घ्यायला नको होतं." मग मामाकडे वळून, "बसा ना भाऊजी. उभे किती राहाल."

मामा बसला. रात्रीचं जेवण टाळलं. दुसऱ्या दिवशी मामीनं त्याला खडसावलं, "आता जगलात म्हणून रुसणार आहात का?" आणि तो पहिल्यांदा ओरडला. रडत ओरडला. "मला हेवा वाटला होता त्याचा! पहिल्या दिवशी! तो ओकत होता तेव्हासुद्धा मला वाटायचं, की याचं पक्कं काम होतंय आणि माझं कच्चं!" मामी त्याच्याजवळ बसली.

त्यानंतर महिन्याभरानं तो आपणहून इस्पितळात गेला. किरणांनंतर पुष्कळांचा जबडा आखडतो. रोज तोंड उघडायचा व्यायाम केला नाही तर चमचासुद्धा आत जाईनासा होतो. मामानं तो व्यायाम वर्षानुवर्षं न चुकता केला होता, आइसक्रीमच्या लाकडी चमच्यांची चवड दातांत धरून, रोज थोडी जाड करत. नर्सबाई नवीन रुग्णांना हे सांगून सांगून थकल्या होत्या. दुखतं म्हणून कुणी करायचं नाही. मामा म्हणाला, मी बसतो त्यांच्याजवळ.

मग तो दर आठवड्याला त्या जुन्या बाकावर बसायला लागला. लाल दिवा बदलला होता, यंत्र बदललं होतं, ते चालवणारा तंत्रज्ञ आता पोरगेला राहिला नव्हता. मामा नवीन माणसाला आधी स्वतःचं तोंड उघडून दाखवायचा. "बघ, किती मोठं. माझी बायको म्हणते, याच्यापेक्षा जास्त उघडू नका, दुकान बंद पडेल." घसा सोलला की काय प्यायचं, झोपताना उशाशी काय ठेवायचं, चव गेली की घाबरायचं नाही, आधी काय परत येतं, हे सगळं सांगायचा. कुणी विचारलंच, "मामा, तुम्हालापण केमो दिलं होतं का हो? फार जड जातं," तर तो म्हणायचा, "नाही बाबा. माझ्या एका मित्राला दिलं होतं. शिंपी होता. जड जातं. पण घे." आणि शिंपीदादांची एखादी गोष्ट सांगायचा, बहुतेक कोटांच्या बाह्यांची.

शिंपीदादांची बायकोही पुढे यायला लागली. बिनकॉलरचे सदरे ती शिवायची. काजं-बटणं तिची पहिल्यापासून चांगली होती, यंत्र ती मागाहून शिकली.

मामा सत्तरी ओलांडून गेला. किरणांनी घशाचे स्नायू हळूहळू ताठरतात, घोट चुकून श्वासनळीत जातो; शेवटी तसाच न्यूमोनिया झाला. इस्पितळात फार दिवस नव्हता. एका दुपारी मामीला म्हणाला, "गल्ल्यावर कोण आहे?" ती म्हणाली, "कुणी नाही, आज बंद ठेवलाय." तो म्हणाला, "दिवसाढवळ्या?" आणि डोळे मिटून पडून राहिला. संध्याकाळी गेला.

आठवड्याभरानं डॉक्टरीणबाई घरी आल्या. त्या निवृत्त झाल्या होत्या, केस पांढरे झाले होते, पण होते तसेच आखूड. सांत्वनाचं जे बोलायचं ठरवून आल्या होत्या त्याची वेळच आली नाही, कारण मामीनं त्यांना दारातच विचारलं, "जेवलात का?" त्या नाही म्हणाल्या. मामी आत गेली, ताट वाढून आणलं आणि समोर बसून, त्या जेवत असताना, मामानं आयुष्यात तिच्याशी घातलेले मिठावरचे सगळे वाद एकेक करून सांगत राहिली. डॉक्टरीणबाई मधेच हसायच्या, मधेच डोळे पुसायच्या आणि पुन्हा जेवायला लागायच्या. मामीनं त्यांना न विचारता आणखी वाढलं.